भगदाड पडलेला रेनकोट

दि. ६ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (नमस्कार मनातल्या मनात घे, इस्त्रीच्या टेबलावर वाकून वाकून कंबर धरलीय.)

फोनवर बोललो असतो, पण खोलीतले सगळे कान टवकारून असतात. तुला बटणवालीबद्दल सांगितलं होतं. आमच्या लाँड्रीत कपड्यांची तुटलेली बटणं लावते ती. तिचे वडील बस चालवतात, आम्ही त्यांना ड्रायव्हरकाका म्हणतो. बोलतात कमी, बघतात जास्त. शेवटी त्यांच्याकडे विषय काढला. ते म्हणाले की खुर्चीत बसलेला माणूस कळत नाही, चढावर कळतो. दर वर्षी सुट्टीत ते पोरांना, तिला आणि तिच्या भावाला, घेऊन डोंगर चढतात आणि पलीकडे उतरतात. या वेळी मीही यायचं, पलीकडे उतरलो तर पुढचं बोलू. मी छाती फुगवून सांगितलं की चालणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

येत्या शनिवारी निघायचं आणि माझ्याकडे धड काही नाही. बूट लाँड्रीतल्या मुकादमाचे, मोठे होतात, पुढे चिंध्या कोंबल्यात. रेनकोटही त्याचाच होता. होता म्हणतो, कारण काल तो चुरगळलेला दिसला आणि हाताला राहवेना, सवयीने इस्त्री दाबली. पाठीचा तुकडा इस्त्रीला चिकटून आला. डोकं आरपार जाईल एवढं भगदाड! मुकादमाने अजून मारलं नाही, कारण अजून बघितला नाही.

ताई, जिना चढलो तरी धाप लागते. शाळेत नापास झालो तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता रात्री उठून बूट घालून बघतो. मधेच बसलो तर ती गेली, कायमची. काय करू ते लगेच कळव. आईला बोलू नकोस. दाजींना नमस्कार, पिल्लाचा पापा. लोभ आहेच, थोडी कीवही असू दे.

तुझा,
भोवरा


दि. १० सप्टेंबर

चि. भोवऱ्यास,
अनेक उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग काळजी वाटली, मग रेनकोट आठवून परत हसले. कोपऱ्यावरून दूध आणायला सायकल काढणारा तू, आणि डोंगर ओलांडणार! दाजी म्हणतात की रेनकोटलासुद्धा इस्त्री करणारा जावई मिळतोय, बापाने आणखी काय बघायचं?

आता ऐक. मोज्यांचे दोन जोड घाल, टाचांना व्हॅसलीन चोपड. भगदाडाला आतून प्लास्टिकची पिशवी चिकटव. आणि मुख्य म्हणजे फुशारकी मारत पुढे धावू नकोस. थकलास तर सरळ थकलो म्हण. त्यात कसला आलाय कमीपणा? तुझं दमलेलं तोंड बघून जी पाठ फिरवेल, तिच्या नादी लागूच नये.

आईला सांगितलं नाही. पण माझ्या तोंडावरूनच तिने ओळखलं की तू काहीतरी उपद्व्याप केलायस. पोचल्या पोचल्या लिही. आशीर्वाद पाठवतेय, तेवढा बुटात कोंब, चिंध्यांपेक्षा टिकेल.

तुझी,
ताई


दि. १७ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी परत आल्यावर हातात पडलं. थकलास तर थकलो म्हण, असं लिहिलंयस. म्हटलं गं. तेच म्हटलं आणि घात झाला.

चढ मला जमत होता, तुझी शपथ. बूट चावत होते, जीव घशाशी आला होता, पण रोज ओल्या चादरींची गाठोडी वाहणारा मी, पाय ओढत का होईना, चढत होतो. ती आणि तिचा भाऊ पुढे गेले. काका माझ्याबरोबर मागे. मला वाटलं, परीक्षा घ्यायला राहिलेत. मग पाऊस आला आणि एका वळणावर काका दगडाला धरून उभे राहिले. गुडघा वाकेना. तोंड पांढरंफटक. म्हणाले की पोरं या वर्षी येऊ नका म्हणत होती, मीच हट्टाने आलो. त्यांच्यापुढे मला म्हातारा करू नकोस.

तेवढ्यात ती दोघं आम्हाला शोधत मागे आली. माझ्या तोंडून कसं निघालं देव जाणे. मी चिखलात फतकल मारली आणि म्हणालो की थकलो, आता एक पाऊलही नाही. काका लगेच म्हणाले की पोराला एकटं कसं सोडायचं, मी याला घेऊन उतरतो, तुम्ही व्हा पुढे. भाऊ खो खो हसला. ती हसली नाही. नुसतं बघितलं आणि गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर मी काकांना पाठुंगळी घेतलं, गाठोडं घेतो तसं, वजन कमरेवर. त्यांची छाती बरोबर भगदाडावर टेकली. पिशवी चिकटवायला तुझं पत्र आलं कुठे होतं? ते रडत होते. पावसात ऐकू येत नव्हतं, पाठीला कळत होतं. खाली उतरल्यावर डोळे पुसून म्हणाले की पोरं परत आली की मी सगळं नीट करतो.

काही केलं नाही. बटणवालीने खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतलीय. काल काका एक शर्ट घेऊन आले, इस्त्री केलेलाच. मला वाटलं, आता बोलतील. तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, ओठ हलले, आणि शर्ट ठेवून वळले. दारापर्यंत ताठ चालत गेले, जराही न लंगडता. एकेक पाऊल त्यांना कसं जात होतं ते फक्त मला माहीत. ती त्यांच्या पाठीकडे बघत मला म्हणाली की शीक काहीतरी माझ्या बाबांकडून, या वयात बघ कसे चालतात.

मी त्याच शर्टावर परत इस्त्री फिरवत राहिलो.

बोललो तर त्यांना म्हातारा करतो, नाही बोललो तर ती जाते. तूच सांग, ताई. नको, राहू दे, तुझं पत्र येईपर्यंत परत उशीर होईल. तुझा लोभ तेवढा सांभाळून ठेव, इथे कुणाचाच उरला नाही.

तुझा,
भोवरा