बटणचं पथ्य

४ मार्च
आजपासून बटणचं पथ्य सुरू. बटण म्हणजे हिचा कुत्रा. पाच किलोचा, पांढरा, कान तेवढे तपकिरी, आवाज मात्र अल्सेशियनचा. ही जाऊन चार महिने झाले आणि हा सारखा खाजवतोय. कान लालभडक, पोटावरचे केस गेलेले, पंजे चाटून चाटून ओले. डॉक्टरबाई म्हणाल्या, काका, ही फूड अ‍ॅलर्जी दिसतेय. मी त्यांना नीट समजावलं की हे दुःख आहे. मालकीण गेली, कुत्रा झुरतोय, तेच अंगावर उठलंय. त्यांनी विचारलं, खाज कधीपासून? म्हटलं, ही गेली तेव्हापासून. मग आठवलं, नाही, त्याच्या आधीपासून, हिचं आजारपण सुरू झालं तेव्हापासूनच. बघा, जनावराला किती आधी कळतं! बाई म्हणाल्या, दुःखाने कान सुजत नाहीत. बाई लहान आहेत अजून.

आठ आठवडे फक्त मासा आणि बटाटा. उकडलेला, बिनमिठाचा. बाकी कणही नाही. मग एकेक जुना पदार्थ थोडा देऊन बघायचा, कशाने खाज येते ते. एवढंच. मी आयुष्यभर कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. माझ्या सहीशिवाय एक वॉशर कधी गेटबाहेर गेला नाही. इथे तर गिऱ्हाईक एकच, तेही चार पायांवर जमिनीपासून वीतभर.

मुलीला फोन करून कळवलं. ती म्हणाली, बाबा, जमेल ना तुम्हाला? हा काय प्रश्न झाला?

५ मार्च
स्वयंपाकघराचं स्टोअर केलं. सगळ्या कपाटांना कुलपं, किल्ल्या माझ्या कमरेला. दुपारी चहा करायला गेलो तर किल्ल्या बाथरूममध्ये आणि बाथरूमची कडी आतून लागलेली. बिनचहाचा बसलो. नवीन सिस्टीम म्हटली की असं होतंच.

दारावर पाटी लावली: या घरातील कुत्र्यास कोणीही काहीही खावयास देऊ नये. हुकमावरून. शेजारीणबाई थांबून वाचत होत्या. म्हणाल्या, हुकूम कोणाचा? म्हटलं, माझाच.

८ मार्च
मासा आवडीने खातो. बटाटा सोफ्याखाली नेऊन ठेवतो. झाडूने काढले, बराच साठा निघाला. स्टॉक टॅली होत नव्हता त्याचं कारण मिळालं.

एक खुलासा इथे करून ठेवतो. सकाळचा शेवटचा घास पथ्यात धरायचा नाही. ही नाश्त्याला बसली की ताटलीतला शेवटचा घास बटणचा, असा या घरचा नेम. अंडं लावून भाजलेला पाव, वर लोणी. बटण खुर्चीशी येऊन बसायचा, मान वर, शेपटी फरशीवर आपटत. आता हिची खुर्ची रिकामी म्हणून तो माझ्या खुर्चीशी येतो. तर तो घास मी देत नाही. तो हिचा. मी नुसता पोचवतो. डिलिव्हरी करणाऱ्याच्या नावावर माल लागत नसतो. म्हणून माझ्याकडून पथ्य शंभर टक्के कडक चालू आहे.

१५ मार्च
फरक नाही. संशय: गालिचा. गालिचा गुंडाळून गॅलरीत उभा केला. आज कपडे वाळत घालताना अंगावर पडला. खांदा दुखतोय.

१९ मार्च
गालिचा नव्हता. आता संशय साबणावर. बटणची गादी नुसत्या पाण्याने धुतली. गादीला वास यायला लागला. बटण माझ्या पलंगावर झोपतो. मीही त्याला हरकत घेतली नाही, कारण गादी वाळायला वेळ लागणार.

२२ मार्च
गुन्हेगार सापडला! जिन्यात शेजारीणबाई उभ्या, हातात बिस्किट, बटण पायाशी. मी पाटीची आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, अहो, मी स्वतः खातेय. मी म्हटलं, सगळे असंच म्हणतात. त्या म्हणाल्या, तुमची बायको होती तोवर या दारात माणसं थांबायची तरी. मला लागलं ते. आता बोलणं बंद. रोज सकाळी कसे आहात म्हणून विचारणारं तेवढंच एक माणूस होतं, पण बटणच्या तब्येतीपुढे मी कोणाची गय करत नाही.

२ एप्रिल
डॉक्टरबाईंकडे. त्यांनी विचारलं, मासा-बटाट्याशिवाय काही पोटात जातंय? छाती पुढे काढून म्हटलं, कणही नाही. त्या बराच वेळ बटणचा कान उलटा करून बघत बसल्या. म्हणाल्या, काका, घरात आणखी कोणी आहे का? म्हटलं, कोणी नाही. म्हणाल्या, नीट आठवून बघा, एवढ्याशा जिवाला एक घास म्हणजे तुमचं अर्धं जेवण. मी म्हटलं, मुद्दा लक्षात ठेवतो. ठेवला.

कानात औषध, गळ्यात प्लास्टिकची मोठी कॉलर. कॉलर दाराच्या चौकटीत अडकते. बटण अडकला की तसाच उभा राहतो, मी येऊन सोडवेपर्यंत. भुंकतसुद्धा नाही.

५ एप्रिल
मुलीचा फोन. महिनाअखेर कान बरे झाले नाहीत तर ती बटणला तिच्याकडे घेऊन जाणार. म्हटलं, अगं, आईचा कुत्रा आहे तो. म्हणाली, म्हणूनच. मग म्हणाली, बाबा, त्याचे हाल बघवत नाहीत. जसं काही मला बघवतात!

फोन ठेवला आणि सगळी कुलपं पुन्हा तपासली. हा गेला तर या घरात माझ्याशिवाय हलणारं काही उरत नाही, पण म्हणून काही मी घाबरलो वगैरे नाही.

८ एप्रिल
निर्णय. उद्यापासून शेवटचा घासही बंद. त्याच्यामुळे काही होतंय असं मुळीच नाही. केवळ मुलीच्या समाधानासाठी.

९ एप्रिल
बंद केला. घास मी स्वतःच्या तोंडात घातला. बटण बसला होता, कॉलरच्या आतून वर बघत. भुंकला असता तर रागावता आलं असतं. घास काही केल्या खाली उतरेना. शेवटी काढून ताटलीत ठेवला आणि ताटली खाली फरशीवर ठेवली, नंतर घासू म्हणून. ठेवली, दिली नाही. पुढे त्याने काय केलं ही त्याची जबाबदारी.

१० एप्रिल
ताटली आजही खालीच ठेवली. सिंक लांब आहे.

१७ एप्रिल
उशीवर रक्त. रात्री कॉलर निसटली आणि त्याने कान फोडून घेतला. औषध घालताना माझ्या मनगटाला दात लावले, मग तिथंच चाटत बसला. मी त्याला म्हटलं, झुरू नकोस रे इतका, मी बघ कसा ठणठणीत आहे.

पथ्य आणखी कडक करायचं ठरवलं. मीठमसाल्यांचे डबेही कुलपात.

२७ एप्रिल
मुलगी न सांगता आली. नेमकी नाश्त्याच्या वेळी. मी ताटली खाली ठेवत होतो.

तिला डिलिव्हरीचा मुद्दा समजावला. म्हटलं, मी देत नाही, हा तुझ्या आईचा नेम आहे. आजारपणातही तिने मोडला नाही. स्वतः पोटभर जेवायची आणि प्रेमाने एक घास याला द्यायची. शेवटपर्यंत ताटली कशी चाटूनपुसून स्वच्छ! मी रोज शाबासकी द्यायचो तिला.

मुलगी खुर्चीत बसली. हिच्याच. मग म्हणाली, बाबा, आईला जेवण जात नव्हतं. म्हटलं, कधी? म्हणाली, पूर्ण वर्षभर. तुम्ही चहा आणायला उठलात की ती सगळा पाव बटणला घालायची. सगळा, बाबा. शेवटचा तेवढा तुमच्यासमोर द्यायची, म्हणजे तुम्हाला वाटावं बाकीचा तिनेच खाल्ला. मला शपथ घातली होती, सांगायचं नाही म्हणून. तुम्ही शाबासकी दिलीत की ती मला फोन करायची आणि हसायची. आणि मग रडायची.

मी म्हटलं, शक्य नाही. स्टोअर सांभाळलंय मी, इकडचा माल तिकडे गेला तर मला कळतं.

ती रडत होती. मी रडलो नाही, कारण बटणचं सामान बांधायचं होतं. औषध, कॉलर, पट्टा, वाडगा. बटण गाडीत बसला. मी काचेतून त्याला म्हटलं, शहाण्यासारखा राहा. आणि वर आलो.

२८ एप्रिल
घर शांत आहे. आता निवांत पेपर वाचता येईल.

२९ एप्रिल
नाही वाचला.

३ मे
माझ्यासमोर बसून उपाशी राहिली. रोज. आणि मी म्हणायचो, वा, आज भूक चांगली दिसतेय.

मला कळलं नाही. कळायला हवं होतं.

६ जून
मुलीचा फोन. कान साफ! पोटावर लव आली आहे. मग तिने डॉक्टरांना विचारून एकेक पदार्थ देऊन बघितला. पाव चालला. लोणी चाललं. अंडं जेमतेम चमचाभर दिलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा खाजवायला लागला. म्हणजे अंडं. मी तिला म्हटलं, मी गालिच्यावरचा संशय मागे घेतो.

रविवारी आणून सोडते म्हणाली. विचारलं, बाबा, नक्की ना? म्हटलं, माझ्याकडे नवीन सिस्टीम आहे.

सिस्टीम अशी की जे बटण खाणार तेच मी खाणार. उकडलेला मासा, उकडलेला बटाटा. मग घास चुकणार कसा? इतकी साधी गोष्ट आधी सुचली नाही याचं नवल वाटतं.

१२ जून
आला! दारातूनच उडी. काय गुबगुबीत झालाय लेकाचा! सगळ्या खोल्या फिरून आला, प्रत्येक दाराशी थांबून आत डोकावला. मग हिच्या खुर्चीखाली जाऊन झोपला. मी आज उगाचच दोनदा गाणं म्हटलं.

१६ जून
बिनमिठाच्या बटाट्याला एक वेगळीच चव असते. सवयीने कळेल.

शेवटचा घास देतो, बटाट्याचा. बटण हुंगतो आणि माझ्याकडे बघत बसतो. घेत नाही. मी काही विसरलोय आणि ते मला आठवेल, म्हणून थांबतो.

१९ जून
एक अंडं आणलं. स्वतःसाठी. या वयात ताकद लागते.

पाव भाजला. वासाने तो हिच्या खुर्चीखालून धावत आला आणि बसला. शेपटी फरशीवर. तसाच. मी दिला. तो घास त्याच्या तोंडात गेला तेवढा वेळ घरात सगळं पहिल्यासारखं होतं. ही होती, मी चहा आणायला उठणार होतो.

आज डिलिव्हरी नव्हती. मी दिला. काय देतोय ते माहीत असून दिला.

२० जून
दिला.

२१ जून
दिला. उद्यापासून बंद.

२२ जून
कान लाल. दुपारभर डोकं भिंतीला घासत होता, कण्हत होता. मग माझ्याकडेच आला, माझ्या हाताखाली कान घातला, खाजवून दे म्हणून. माझ्याकडेच आला हो.

मुलीला फोन लावला. म्हटलं, घेऊन जा याला. का, विचारलं. म्हटलं, मला हल्ली फार कामं आहेत. कसली? म्हटलं, बरीच आहेत. मग म्हणाली, बाबा, तुम्हीही चला ना इकडे. म्हटलं, नको. मी तिथेही देईन.

संध्याकाळी आली. या वेळी सामान तिने बांधलं. बटण आपणहून गाडीत चढला. वळून बघितलं की नाही कळलं नाही, त्याची उंची खिडकीपर्यंत पुरत नाही.

३० जून
आज बटणच्या तपासणीची ठरलेली तारीख होती. वेळ पाळायची सवय आहे, गेलो. बाकावर बसलो. एका बाजूला मांजर पिशवीत, दुसऱ्या बाजूला पायाला पट्टी बांधलेलं एक पिल्लू. नंबर आल्यावर आत गेलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, काका, पेशंट कुठे? म्हटलं, बरा आहे. मुलीकडे आहे. माझ्याकडून नेलं की बरा होतो.

त्या म्हणाल्या, मग तुम्ही कशासाठी आलात? म्हटलं, सांगायला. तुमचं बरोबर होतं, त्याला झुरण्याने काही झालं नव्हतं. त्याला खायला घातलं जात होतं. त्या म्हणाल्या, बरं. मी विचारलं, डॉक्टर, समोरचं माणूस जेवत नाहीये हे कळतं का हो एरवी लोकांना? त्या कुत्र्यांच्या डॉक्टर, त्या काय सांगणार! पाण्याचा ग्लास पुढे केला. मी प्यायलो आणि मग तिथंच खूप रडलो. बाईंनी पुढच्या पेशंटला बाहेर थांबायला सांगितलं.

निघताना काउंटरवरच्या मुलीने विचारलं, काका, पुढची तारीख कधीची देऊ? म्हटलं, नको. माझ्याकडे कुत्रा नाही.