कंठपट्ट्याचे साम्राज्य

रविवार, ६ एप्रिल

स्वस्ति श्री! अखिलग्रीवापीडाधुरंधर, कंठपट्टविभूषित, मोटारपश्चाद्भागप्रहारसहिष्णु, स्वगृहचक्रवर्ती अस्मादिक आजपासून मान न हलवता राज्यकारभार पाहतील.

काल मागून टेम्पो धडकला तेव्हा चालकपदी सहधर्मचारिणी होती. म्हणते, "तुम्ही ओरडलात, म्हणून मी ब्रेक दाबला." पराभूतांचा इतिहास असाच असतो.

बुधवार, ९ एप्रिल

कायरोप्रॅक्टरकडे प्रथम गमन — हा गृहस्थ मणके हातांनी मार्गी लावतो. क्ष-किरणांचे चित्र निरखून म्हणाला, हाड शाबूत आहे, स्नायू आखडलेत. मग माझे मस्तक कलिंगडासारखे तळव्यांत तोलले आणि — कडाक्! प्राण कंठाशी आले, तिथली गर्दी पाहून परतले.

सहधर्मचारिणी दाराशी डोळे पुसत होती. दृश्य नेत्रसुखद.

शनिवार, १९ एप्रिल

सासूबाई पलीकडच्या गावी अंथरुणाला खिळल्या आहेत. तिकडे बस जात नाही. ही दर रविवारी मोटारीने जात असे. आज दबकत उद्यासाठी किल्ली मागितली. मी केवळ पट्ट्यावर हात ठेवून मंद कण्हलो. किल्ली खुंटीवर परतली.

काय हे शस्त्र! वाग्बाणांची आवश्यकताच उरली नाही.

मंगळवार, २९ एप्रिल

मान मोकळी! घुबडाने हेवा करावा अशी फिरते. कायरोप्रॅक्टर म्हणाला, पट्टा आजच काढा, नाहीतर मान आळशी होईल.

सिंहासनत्याग? छे! पट्टा गळ्याशी धरून बाहेर आलो. बाकावर ती होतीच. नेहमीप्रमाणे मागून चिकटपट्टी लावून दिली. काय म्हणाले, असे विचारले.

"आयुष्यभर जपावं लागेल."

तिने माझी पिशवीही घेतली.

रविवार, ४ मे

मेहुण्याचा दूरध्वनी — सासूबाई पाणीही घेईनात, ताईला पाठवा. परम औदार्याने अनुज्ञा दिली. अट एकच, शेजारी बसून मार्गदर्शन मी करणार.

फाटकातून मोटार मागे घेताना ही बया थेट खांबाकडे निघाली! मी गर्रकन मागे वळलो — पार खांद्यावरून — "डावीकडे घे, डावीकडे!"

पट्टा सुटून मांडीवर पडला. मोटार थांबली. तिने आधी पट्ट्याकडे पाहिले, मग माझ्या मानेकडे.

"उतरा."

अगं, पण खांब —

"उतरा. मागचं मला आरशात दिसतं."

खांबाला न लागता गेली.

सोमवार, ५ मे

मेहुण्याचा दूरध्वनी. ही पोहोचण्याच्या थोडे आधीच सासूबाई गेल्या. "ताई आता इथेच राहणार. तुम्ही येऊ नका, भाऊजी."

कालच्या त्या वळण्याने मान खरोखरच धरली आहे. इकडे होत नाही, तिकडे होत नाही. आणि या पट्ट्याची चिकटपट्टी नेमकी मानेच्या मागे येते — तिथवर हात पोहोचत नाही. असल्या वस्तू बनवतो तरी कोण?