फोटोतला हात

मछोदरी, वाराणसी
१८ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप दादांना,

शरदिनीचा बसूनच नमस्कार. वहिनींनाही सांगा. इथे थंडी सुरू झाली आहे, सकाळी गंगेवर धुकं असतं असं कामाला येणारी फुलमती सांगते. माझी तब्येत बरी आहे, पाठीवरची जखम भरली. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी चालायला सांगितलंय तर चाला, कंटाळा करू नका.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'हो दादा' म्हणते. परवाही तसंच झालं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की त्यातल्या एकाही गोष्टीला मला हो म्हणायचं नव्हतं.

काशीकर मंडळींच्या ग्रुपवर कुणीतरी पेपरातला तो फोटो टाकला. मी व्हीलचेअरवर, समोर हार घातलेले पाहुणे, आणि माझा हात पुढे. नरहरशास्त्र्यांच्या मुलीनं सरकारी मांडवात हात पसरलेला तुम्हाला पाहवला नाही. तुम्ही दर महिन्याला पैसे पाठवत असताना ही वेळ का यावी, असं विचारलंत. गाडी परत कर आणि ती पेन्शन बंद कर, असंही म्हणालात.

त्या मांडवात काय झालं ते मी सांगते, मग ठरवा.

मणक्यातली गाठ काढली आणि माझे पाय गेले, त्यानंतर बरेच दिवस मी कुठलाच सरकारी कागद केला नाही. आपल्याला त्याची गरज नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात. या उन्हाळ्यात मात्र मी हट्ट धरला. अंतरानं आणि गलीतल्या तीन पोरांनी मला खुर्चीसकट ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांवरून उचलून रस्त्यावर नेलं. दवाखान्यातल्या बोर्डानं तपासलं आणि ऐंशी टक्के अपंगत्व लिहिलं. आपल्या घरात कधी कुणाला ऐंशी टक्के मिळाले नव्हते, असं मी म्हटलं, तर अंतरा तिथेच बाकावर हसत सुटली. कितीतरी दिवसांनी हसली.

मग पेन्शनच्या अर्जासाठी दफ्तरात गेलो. तिथला बाबू भला माणूस होता, त्यानं रांगेतून आम्हाला पुढे घेतलं. मी त्याला विचारलं, हे सगळं माझ्यासाठी झालं, पण जी माझं सगळं करते तिच्यासाठी काय आहे? त्यानं अंतराकडे पाहिलं आणि जरा गोंधळून म्हणाला, "बेटी है न आपकी? बेटी का क्या फॉर्म?"

अंतरानं ओढणी सारखी केली, तेव्हा तिच्या कमरेचा पट्टा दिसला. दादा, चोवीस वर्षांची मुलगी कमरेला पट्टा लावून हिंडते. मला उचलून उचलून. मी तो रोज पाहत होते, पण त्या दिवशी त्या परक्या माणसासमोर पाहिला आणि पहिल्यांदा दिसला.

अपंगांसाठीचं सरकारी शिबिर दिवाळीनंतर झालं. मोटारवाल्या तीनचाकी गाड्या मिळायच्या होत्या. सकाळपासून आम्हाला ओळीनं बसवलं होतं आणि एक कार्यकर्ता प्रत्येकाला शिकवत फिरत होता: पाहुणे चाबी देतील तेव्हा दोन्ही हात जोडायचे, मान थोडी लववायची, कॅमेऱ्याकडे बघायचं. माझ्या आधीच्या म्हाताऱ्या गृहस्थांना त्यानं तीनदा करायला लावलं. ते बिचारे करत राहिले.

माझी पाळी आली. पाहुण्यांनी चाबी धरली, पण दिली नाही. कार्यकर्ता कानाशी वाकून म्हणाला, "माताजी, हाथ जोड़िए." मी एक हात पुढे केला आणि म्हटलं, "चाबी दीजिए."

तुम्हाला माहीत नसेल, दोन्ही हात सोडले तर मी पुढे कलंडते. एका हातानं खुर्ची धरावीच लागते. एवढं सांगितलं असतं तर सगळ्यांनी चुकचुकत मला सोडून दिलं असतं. अंतरा ते सांगायला पुढे झालीही, मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. मला ते कारण द्यायचं नव्हतं. हात जोडता आले असते तरी मी जोडले नसते. ती गाडी त्या पाहुण्यांच्या घरची नव्हती.

तो पुन्हा म्हणाला, मी पुन्हा तेच म्हटलं. पाहुणे हसले, तसं हसणं तुम्ही बँकेतल्या नोकरीत साहेबांचं पाहिलं असेल, आणि चाबी माझ्या हातावर ठेवली. तेवढ्यात पेपरवाल्यानं फोटो काढला. तुम्हाला दिसलेला पसरलेला हात तो हा.

बाबा आयुष्यभर वेद शिकवून दक्षिणेवर जगले. यजमान दक्षिणा ठेवत तेव्हा ते ताठ बसलेले असत, मी शेजारी बसून पाहिलंय. त्यांच्या घेण्याला आपण मान म्हटलं. मग माझ्या घेण्याला वेगळं नाव का, ते मला तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे.

आता पत्त्याकडे बघा. वर मछोदरी लिहिलंय, ते चुकून नाही.

गाडी मिळाली पण आपल्या गलीत शिरेना. आठवडाभर ती बाहेर रस्त्यावर ताडपत्री घालून उभी होती आणि मी वर माडीवर बसून होते. हे गेल्यावर तुम्ही आम्हाला त्या घरात राहायला दिलंत ते मी विसरले नाही. पण त्या घरातून मी फक्त दवाखान्यासाठी नाहीतर दफ्तरासाठी खाली उतरत होते, तेही चौघांच्या खांद्यावर. इथे रस्त्यालगत तळमजल्याची एक खोली आहे. दाराला उंबरा नाही, गाडी दारात राहते. सकाळ-संध्याकाळ संस्कृत शिकायला मुली येतात, त्यांची फी आणि पेन्शन मिळून भाडं आणि फुलमतीचा पगार निघतो. कसाबसा निघतो, पण निघतो. फुलमती सकाळी येते, आंघोळ घालते, स्वयंपाक करून जाते.

तुम्ही विचाराल, फुलमती कशाला, अंतरा काय करते?

अंतरा इथे नाही. ती जबलपूरला आहे, बँकेत लागली.

ती आधीही एकदा पास झाली होती, आठवतं? तेव्हा तुम्ही म्हणालात, एवढी मुलगी घरात असताना बाई कशाला ठेवायची, पैसे मी पाठवतो, तिला तुझ्याजवळच राहू दे. मी हो म्हटलं. ती नोकरी गेली. अंतरानं एका शब्दानं काही म्हटलं नाही, आणि तिनं म्हटलं नाही म्हणून मीही विषय काढला नाही. या वेळी ती न सांगता नकार कळवणार होती. मी तिला समोर बसवलं आणि पलंगावरून खुर्चीवर एकटी सरकून दाखवलं. दुपारी ती बाहेर गेली, की पलंग आणि खुर्चीमध्ये फळी लावून मी ते शिकत होते.

"पडलीस तर?" तिनं विचारलं.

"पडले तर फुलमतीला फोन करीन. तुला नाही."

"आई, असं तोडून बोलू नकोस."

"तोडत नाहीये. तू जा."

ती गेली. स्टेशनवर सोडायला मी माझ्या गाडीवरून गेले होते.

खरं सांगायचं तर मागच्या आठवड्यात मी पडले. फोन टेबलावर राहिला होता. फुलमती येईपर्यंत जमिनीवर होते, पलंगावरची चादर ओढून अंगावर घेतली. भीती वाटली, रडलेही. फुलमतीनं उचललं, चहा केला, आणि त्या संध्याकाळी मुली आल्या तेव्हा मी शिकवलं. आता फोन गळ्यात अडकवते. अंतराला यातलं काही माहीत नाही आणि तुम्हीही सांगायचं नाही.

तिला फोन करून परत जा म्हणू नका. ती तुमचं ऐकेल, म्हणून सांगते आहे. माझ्यावर रागवा, चारचौघांत रागवा, ग्रुपवर लिहा, चालेल. तिच्याशी मात्र फक्त 'जेवलीस का' एवढंच बोलायचं.

या महिन्यापासून पैसे पाठवू नका. तुम्ही खूप केलंत आणि ते प्रेमानंच केलंत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या पैशांबरोबर दरवेळी एक हुकूम येत गेला आणि त्याची किंमत माझ्या मुलीला मोजावी लागली.

ब्रह्मा घाटच्या घराच्या चाब्या शेजारी कस्तुरीकाकूंकडे ठेवल्या आहेत. माळ्यावर बाबांच्या पोथ्या आहेत, त्या घेऊन जायला या. आलात की इथे उतरा. खोली लहान आहे, पण पलंग तुम्हाला देईन.

वहिनींना पुन्हा नमस्कार, ऋतुराजला आशीर्वाद.

आजवर इथे 'तुमची आज्ञाधारक' असं लिहीत आले. आता नुसतं,

तुमची बहीण
शरदिनी