सुनेला मद्दु घालते

सोमवार, १५ जून १९५९

सकाळी ह्यांची तीच तक्रार. घराचा दवाखाना केलायस म्हणे. केलाय तर केलाय. ह्यांच्या गुडघ्याला निर्गुंडीचं तेल कोण चोळतं? माधवचा जुनाट खोकला कुणी घालवला? त्याच्या कारखान्याच्या डॉक्टरनं हात टेकले होते तेव्हा माझ्याच आडुळशानं काम केलं, ते बाप-लेक दोघंही विसरले. उठल्यावर कोमट पाणी, मग नेल्लिकाईचा, म्हणजे आवळ्याचा रस, रविवारी एरंडेल. एवढं पाळलं तर माणसाला दवाखान्याची पायरी चढावी लागत नाही. पण घरच्यांना सांगून उपयोग नाही. गल्लीतल्या बायका मात्र ओट्यावर येऊन विचारून जातात.

सून विमल (यापुढे वि. लिहीन, पेन अडखळतंय) पुण्याहून इकडं कन्नड मुलखात आली तेव्हा काडी होती नुसती. केस मुठीनं गळत. आता गालांवर जरा लाली आलीय. रोज सकाळी माझ्या चूर्णाची वाटी, दुधातुपातून, आणि वर मोरावळ्यातला एक आवळा. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. गुणाची पोर.

आमचं मराठी ऐकून अजून हसते. परवा म्हणाली, मद्दु म्हणजे औषध, मग सरळ औषध का म्हणत नाही? म्हटलं, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मद्दुच म्हणतात. औषध देतो तो डॉक्टर. आपण आपल्या माणसाला मद्दु घालतो. तिनं ते दोनदा घोकलं, शाळेतल्या मुलीसारखं. मद्दु घालतो. हसू आलं.

रविवार, २१ जून

एरंडेल झालं. माधव पळाला, नेहमीप्रमाणे.

वि. चं कन्नड जोरात. नळावर जाते, भाजीवालीशी बोलते. मराठी वाक्य आधी मनात लावते आणि मग शब्दाला शब्द ठेवून कन्नड करते, हे मला लांबूनही कळतं. पण भीत नाही, हे आवडलं. शेजारची रत्नम्मा तिला हौसेनं शिकवते. रत्नम्माचं आणि माझं लग्न एकाच वर्षी झालेलं, तेव्हापासून आमची भिंत एक. मला अक्का म्हणते, आणि सख्खी बहीण करणार नाही इतकं करते.

दुपारी बाजारातल्या जडीबुटीच्या दुकानातून अश्वगंधा, शतावरी आणली. दुकानदार म्हणाला, अक्का, तुम्हाला काय द्यायचं ते मी कोण सांगणार. मान ताठ झाली, लपवत नाही.

रविवार, २८ जून

वि. बाजूला बसली नाही या महिन्यात. तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिचं तिलाच अजून नीट कळलेलं दिसत नाही. दृष्ट लागायला नको म्हणून कुणाजवळ बोलले नाही, ह्यांच्याजवळसुद्धा. पण हात कसा थांबणार? चूर्ण दुप्पट केलं. तूपही. आता दोन जिवांना पुरायला हवं.

आज सबंध दिवस उगाच गुणगुणत होते. माधवनं विचारलं काय झालं. म्हटलं, पित्त कमी झालं.

शुक्रवार, ३ जुलै

रत्नम्माकडे ताक पाठवलं होतं. भांडं जसंच्या तसं परत. वरची कोथिंबीरही हललेली नाही. तिची सून म्हणे, आज आम्हाला नको. ताक नको? त्या घरात?

नळावर गेले तर बोलणं बंद पडलं. मला वाटलं कुणी वारलं की काय.

रविवार, ५ जुलै

आज एकही बाई ओट्यावर आली नाही. कोपऱ्यावरच्या घरातली ती नवी बाळंतीण, जिच्या बाळाला मी वेखंड उगाळून लावायला शिकवलं, ती समोरून येत होती. मला पाहिलं आणि बाळ पदराखाली घेतलं. चक्क पदराखाली. हबकलेच. त्या बाळाच्या पोटदुखीला मी रात्री उठून गेले आहे.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, तुझ्या एरंडेलाला कंटाळली असतील. ह्यांना सगळ्यात गंमत दिसते.

गुरुवार, ९ जुलै

आजचं लिहून ठेवायलाच हवं.

भाजीवाली दारात आली. टोपली खाली न ठेवताच म्हणाली, लोक बोलतात की अक्का सुनेला मद्दु... पुढचं मी नीट ऐकलंही नाही. म्हटलं, होय, रोज सकाळी. झाकून काय करायचंय? तर बाई दोन पावलं मागे सरली, आणि टोपली घेऊन निघून गेली. भाजी न देता.

उंबऱ्याच्या आत आल्यावर तिचं क्रियापद डोक्यात शिरलं. हाक्तारे म्हणाली होती ती. कन्नडमध्ये औषध असेल तर कोडतारे, म्हणजे देतात. हाक्तारे म्हणजे घालतात. आणि मद्दु घालणं म्हणजे जेवणातून गुपचूप काहीतरी चारणं. माणूस मुठीत यावं म्हणून, नाहीतर झिजून झिजून जावं म्हणून. लहानपणापासून ऐकत आले की अमकीनं तमकीला घातलं. त्या बायकांच्या घरचं कुणी पाणी पीत नाही.

आणि मी होय म्हणाले. रोज सकाळी म्हणाले.

धावत जाऊन तिला गल्लीच्या तोंडाशी गाठली. विचारलं, कुणी सांगितलं तुला हे? ती खाली बघत म्हणाली, "तुमच्या सुनेनंच सांगितलं, अक्का. नळावर, सगळ्यांच्या देखत."

डोकं सुन्न झालंय. वि. नं? माझ्या वि. नं?

शुक्रवार, १० जुलै

विचारलं नाही तिला. विचारायला तोंडच उघडेना. सकाळी वाटी नेली आणि समोर उभी राहिले. प्यायली सगळी. वाटी बोटानं पुसून चाटली आणि माझ्याकडे बघून हसली. माझ्या अंगावर काटा आला. मी मारायला बसलेय असं चारचौघांत सांगते आणि माझ्या हातचं चाटून खाते. असली माणसं मी पाहिली नव्हती.

माधवला सांगावं तर बायकोच्या बाजूनं जाईल की आईच्या? नको. पाहायचंच नाही मला ते.

रविवार, १२ जुलै

वि. सकाळी म्हणाली, रत्नम्माबरोबर देवळात जाऊन येते, सर्जापूरच्या वाटेवर आहे कुठंतरी. जा म्हटलं. तुटकच म्हटलं. मोरावळ्याचा आवळा चघळतच गेली.

दिवेलागणीच्या आधी आल्या दोघी. वि. चा चेहरा पांढराफटक, लुगड्यावर ओकारीचे डाग, रत्नम्मानं कमरेला धरलेलं. तिला आत निजवलं. रत्नम्मा मात्र आत येईना, दारातच उभी राहिली. रडत होती. म्हणाली, "अक्का, तुम्ही माझ्या थोरल्या बहिणीसारख्या. पण त्या पोरीला डोळ्यांदेखत मरू देऊ?"

देऊळ बिऊळ काही नव्हतं. तिकडं मद्दु उतरवणारा कुणी म्हातारा आहे. पाल्याचा रस पाजतो, माणूस ओकतं, आणि पोटातून घातलेलं मद्दु बाहेर पडतं म्हणे. पडलं होतं. रत्नम्मानं केळीच्या पानाची पुडी उघडून दाखवली. काळा, चिकट, लिबलिबीत गोळा. म्हणाली, हे बघा आणि आता सांगा.

मी बघितलं. तो माझा मोरावळा होता. सकाळचा.

मला हसू फुटलं. खरंच फुटलं, आवरेना. गुळात मुरलेला आवळा अजून धड चावलेलाही नव्हता पोरीनं. मी हसतेय बघून रत्नम्माचे डोळे इतके मोठे झाले की मी तिथंच थांबले. तिला वाटलं असणार, ही हसते म्हणजे खरंच घातलं होतं. पदर तोंडावर घेऊन गेली.

सोमवार, १३ जुलै

सकाळी वि. च्या उशाशी बसले आणि शेवटी विचारलं. नळावर तू काय बोललीस? जसंच्या तसं सांग.

तिनं अभिमानानं म्हणून दाखवलं. सगळ्या विचारत होत्या म्हणे, तुझी तब्येत कशी सुधारली, केस कसे वाढले. तर ही म्हणाली, "अत्ते ननगे दिना मद्दु हाक्तारे." आणि मला मराठीत समजावून सांगितलं, म्हणजे सासूबाई मला रोज मद्दु घालतात. घालतात म्हणजे हाक्तारे, बरोबर ना आई?

बरोबर गं बाई. शब्दाला शब्द अगदी बरोबर.

माझंच वाक्य. आमच्या घरचं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. पोरीनं चार बायकांत सासूचं कौतुक केलं, आणि मी चार दिवस तिच्याकडे सापाकडे बघावं तसं बघत होते. तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिला काही समजेना.

मग विचारलं, त्या म्हाताऱ्यानं दिलेलं का प्यायलीस? तर म्हणाली, मला वाटलं तीर्थ आहे. रत्नम्मांनी हातावर ओतलं, मी घेतलं. मोठ्या माणसांनी दिलं तर विचारायचं का?

दुपारनंतर तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. संध्याकाळी डाग दिसला. मला एकदम आठवलं की कुणालाच माहीत नाही. माधवला नाही, रत्नम्माला नाही. दृष्ट लागू नये म्हणून मी गप्प बसले होते ना. रत्नम्माला ठाऊक असतं तर तिनं नेलं असतं तिथं?

मंगळवार, १४ जुलै

माधव आणि मी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. लेडी डॉक्टर वयानं वि. पेक्षा फार मोठी नसेल. तपासलं. अजून काही सांगता येत नाही, पडून राहायचं, जड उचलायचं नाही. माधव आधी बाप होणार हे कळून उजळला, आणि लगेच पुढचं ऐकून बाकावर बसला.

मी त्या म्हाताऱ्याच्या पाल्याची सगळी कहाणी सांगितली, जोरात सांगितली. कसली अडाणी माणसं, काय पाजतात याचा पत्ता नाही, पोरीच्या जिवावर उठले. डॉक्टरनं ऐकून घेतलं. मग विचारलं, आणि घरी काय घेत होती ही?

मी सांगितलं. एकेक नाव, कशात खलायचं ते, सगळं. मला वाटलं, आता शाबासकी. अश्वगंधेशी आल्यावर तिनं हात वर केला. दिवस राहिलेत असं वाटल्यावर किती कमी केलंत?

म्हटलं, कमी? दुप्पट केलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "अशा दिवसांत ते देऊ नका. त्या पाल्यानं झालं की तुमच्या चूर्णानं, की आपसूकच, हे मला सांगता येणार नाही. तुम्हालाही येणार नाही."

माधवनं माझ्याकडे पाहिलं. परतताना टांग्यात मध्ये वि., एका बाजूला तो, एका बाजूला मी. मला माझे हात कुठं ठेवावेत ते कळेना.

गुरुवार, १६ जुलै

ह्यांनी आज गंमत केली नाही. सकाळी आवळ्याचा रस स्वतः मागून घेतला आणि मुकाट्यानं प्यायले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला तो टोमणा वाटला, मग कळलं की माया आहे.

रत्नम्मा आली. भाजीवालीनं म्हणे वि. चं वाक्य कसं चुकलं ते तिला सांगितलं, भाजीवालीला माधवनं, माधवला मी. आता सगळ्या गल्लीला माहीत. रत्नम्मा ओट्यावर बसली आणि माझे पाय धरायला लागली. मी पाय मागे घेतले. तिला शिव्या घालायच्या म्हणून दोन दिवस वाक्यं जुळवून ठेवली होती. एकही आठवेना. त्या रसात काय होतं हे तिला माहीत नव्हतं. माझ्या चूर्णात काय होतं हे मला पुरतं माहीत होतं.

ताक विचारलं. प्यायली. दोघीही रडलो, पण एकमेकींकडे बघून नाही.

जाताना सवयीनं म्हणाली, अक्का, गुडघा फार दुखतो, काय लावू? मी म्हटलं, दवाखान्यात दाखव. ती बघतच राहिली माझ्याकडे. मीही दचकले, माझ्या तोंडून हे आलं म्हणून.

रविवार, १९ जुलै

डाग कालपासून नाही. डॉक्टर म्हणते, चांगलं चिन्ह आहे, पण पुढच्या तपासणीपर्यंत काही धरून चालू नका. धरून चालायचं नाही म्हणजे काय करायचं, ते तिनं सांगितलं नाही.

आज एरंडेल कुणालाच नाही. माधव चुकून पळायला निघाला होता, दारापर्यंत जाऊन परत आला.

चूर्णाचा डबा वरच्या फळीवर ठेवला. टाकवत नाही. सकाळी दूध तापवलं, साखर घातली, आणि त्याच वाटीतून वि. कडे नेलं, दुसरी हाताशी नव्हती म्हणून. ती उठून बसली. वाटी दोन्ही हातांत धरली. एरवी एका घोटात संपवते. आज तोंडाशी नेली आणि थांबली. आत बघितलं.

"आई, यात काय आहे?"

इतक्या महिन्यांत हे तिनं पहिल्यांदा विचारलं. आवाजात राग नव्हता, संशयही नसावा. नुसतं विचारलं.

म्हटलं, दूध आहे गं, नुसतं दूध आणि साखर.

ती मान हलवून बरं म्हणाली. वाटी हातातच होती तिच्या. मी खोलीतून बाहेर आले, कारण ती पिते की नाही हे बघत उभं राहणं मला जमेना. थोड्या वेळानं वाटी आणायला जायला हवं.