धवलारिणीची ओटी

प्रिय अंकिता,

मी बरा आहे. शेजारची रंभाकाकू दर रविवारी माशाचं कालवण पाठवते आणि भांडं न्यायला स्वतः येते, म्हणजे मी जेवलो की नाही ते तिला बघता येतं. भात मला आता जमतो. सुरुवातीला जो व्हायचा त्याला तुझ्या आईने भात म्हटलं नसतं.

कालच्या तारखेचं सांगतो, तुला हसू येईल. आईच्या अपघाताच्या दाव्यात काल पनवेलच्या कोर्टात रंभाकाकूची साक्ष होती. आपल्या वकील समीक्षाबाईंनी मला आधीच समजावलं होतं. चूक ट्रेलरवाल्याची होती, हे विमा कंपनीही नाकारत नाही. प्रश्न एवढाच, की आई कमावत होती का. भरपाई म्हणजे माणसाच्या जिवाची किंमत नव्हे, त्या म्हणाल्या. ते माणूस घरासाठी जे आणत होतं, करत होतं, ते थांबलं, त्याची ती भरपाई. मला हे पटायला वेळ लागला. पण ट्रेलर रिक्षावर आला तेव्हा आई हळदीची गाणी म्हणून परतत होती, म्हणजे कामावरूनच येत होती, हे मला लगेच कळलं.

तर रंभाकाकू. नवी साडी, अंबाड्यात अबोली, जशी काही वरमाय. समीक्षाबाईंनी विचारलं, भामाबाई काय काम करायच्या? "धवलारीण होती ती. आमच्या आगरी लग्नात मांडवापासून सगले विधी धवलारीण गाण्यातून करते." इथवर छान चाललं होतं. मग विचारलं, याचे त्या किती पैसे घ्यायच्या? काकू ताठ झाली. "पैसे? भामाने कधी एक रुपया घेतला नाय. तशातली नव्हती ती."

आपल्या वकीलबाईंनी डोळेच मिटून घेतले. विमा कंपनीचे वकील इतके खूश झाले, की उलटतपासणी नको म्हणाले. आणि काकू माझ्याकडे बघून मान हलवत होती, कशी इज्जत राखली म्हणून. तिला काय सांगणार? धवलारिणीला पैसे दिले असं आपल्यात कोण म्हणतं? तसं म्हणणं म्हणजे तिला मजुरीण म्हणणं.

पण न्यायाधीश बाईंना काहीतरी खटकलं. त्यांनी स्वतःच विचारलं, मग लग्नानंतर तिला रिकाम्या हाताने पाठवायचात का? काकू भडकली. "आमाला काय लाज नाय? साडी, नारल, तांदूल घालून ओटी भरायचो." ओटीत अजून काय असायचं? "आता नोटा असायच्याच. घडी करून तांदलात ठेवायच्या. पण ते पैसे नाय मॅडम, ती ओटी हाय." कोर्टात हशा झाला, स्टेनोसुद्धा हसली. अशी किती लग्नं? "बेलपाड्यापासून ओवे गावापर्यंत कुणालाही विचारा. आधी भामा मोकली हाय का बघायचं, मग मुहूर्त." न्यायाधीश बाईंनी सगळं जसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं.

बाहेर आल्यावर काकू मला म्हणाली, "भावजी, वकीलबाई माज्यावर रागावली का? मी तर चांगलंच बोलली." समीक्षाबाईंनी तिला लिंबू सरबत पाजलं. मी रिक्षात एकटाच हसत होतो. घरी आलो आणि हे आईला सांगायला म्हणून थेट स्वयंपाकघरात गेलो. मग तिथेच जरा बसलो.

संध्याकाळी विमा कंपनीने तडजोडीचा निरोप पाठवला. रक्कम वाईट नाही. पण मसुद्यात लिहिलंय, की मयत गृहिणी होती, तिला गाण्याचा छंद होता, त्यातून उत्पन्न नव्हतं. तूही वारस आहेस, त्यामुळे तुझी सही लागेल. आईच्या पैशांसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढू नका, मिटवून टाका, मी कुठेही सही करते, असं तू म्हणाली होतीस. माझी दगदग होऊ नये म्हणूनच म्हणालीस, ते मला ठाऊक आहे. पण एक गोष्ट तुला माहीत नाही. तू कॉलेजात होतीस तेव्हा माझी कंपनी बंद पडली होती. डबा घेऊन मी रोज निघायचो, तो काम शोधायला. ते सगळे दिवस घर आणि तुझं कॉलेज त्या तांदळातल्या नोटांवर चाललं. तुला कळू द्यायचं नाही, असं तिने मला बजावलं होतं. मी अजूनही सांगितलं नसतं. पण तो मसुदा तुला मेलवर येणार आहे, म्हणून हे पत्र. सही करू नकोस. मी केलेली नाही. पुढच्या तारखेला साक्ष माझी आहे. घर कोणी चालवलं ते मी तिथे उभा राहून सांगणार आहे, आणि ते ऐकायला तू यावंस असं मला वाटतं.

तुझाच,
बाबा