चहा सांडलेलं पान

प्रिय शहाणे,

मजेत असशीलच. मी ठीक आहे, आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात. ती अजून तुझी चौकशी करते आणि मी विषय बदलते. तुझं नाव निघालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, हे म्हातारीला कशाला सांगायचं?

आपलं लॅबमधलं खिडकीजवळचं टेबल आठवतं? एकाच स्टुलावर आळीपाळीने बसायचो. पूर्ण ताकद मागितली की मायक्रोवेव्ह ॲम्प्लिफायरची ट्यूब सिग्नलचे उंचवटे चेपून टाकायची. साहेबांनीही हात टेकले होते. उपाय मला सुचला: ट्यूब जितकं बिघडवणार, तितकाच सिग्नल आपणच आधी उलट बाजूने बिघडवून आत सोडायचा, म्हणजे बाहेर पडताना तो सरळ. ‘वाकड्यात शिरायची खोडच तुझी, ढ कुठली,’ म्हणून तू हसली होतीस. त्या ट्यूबचा स्वभाव मोजायला मला चौदा महिने लागले. एकेक आकडा वहीत उतरवला.

मी बाळंतपणाच्या रजेवर गेले, तेव्हा वही नाहीशी झाली आणि तू नोकरी सोडलीस. वर्षभरात तोच उपाय तुझ्या नव्या कंपनीतून, तुझ्या नावाने बाहेर आला. सत्काराच्या फोटोत तू इतकी गोड हसत होतीस की मी तो कापून टेबलासमोर चिकटवला. तीन वर्षं रोज त्याच्याकडे बघूनच कामाला लागते.

वहीत एक पान कमी होतं, हे तुला कळलंच नाही. त्याच्यावर तूच चहा सांडलास, म्हणून मी ते काढून घरी वाळत घातलं होतं. दोन तास तापल्यावर ट्यूबचा स्वभाव बदलतो, ते आकडे त्याच पानावर आहेत. तुझे ॲम्प्लिफायरचे संच तासभर तपासून विकले जातात, म्हणून आजवर निभावलं. आता नव्या ग्राहकाने सलग आठ तासांची चाचणी मागितलीये आणि तुझ्या इंजिनिअरांच्या तोंडचं पाणी पळालंय म्हणे. ऐकून फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

ती चाचणी घ्यायला ग्राहकाने मलाच नेमलंय. गुरुवारी भेटू. सोबत ते पान पाठवतेय. अस्सल आहे: डाग तुझा, अक्षर माझं, खाली तारीख. त्याची प्रत ग्राहकाकडे आधीच दिलीये. आकडे वापरलेस तर संच पास होईल, सही मीच करीन. पण ते कुणाचे, हे चार लोकांसमोर तुला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल. नाही वापरलेस, तर तिसऱ्या तासाला मी नुसती पडद्याकडे बघत बसेन. येताना माझी वही घेऊन ये.

तुझीच,
ढ