सतरा किलो चारशे ग्रॅम

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (मांड्या इतक्या धरल्या आहेत की प्रत्यक्षात वाकता येत नाही, तरी नमस्कार पूर्ण घातला असं समजावं.) तुमची तब्येत, मामींचे गुडघे आणि ओतकामाच्या कारखान्यातली भट्टी, तिन्ही ठीक असावीत. आई म्हणाली, "सल्ला मामानं दिला, मग परिणामही मामालाच कळव." म्हणून सविस्तर लिहितो आहे. पत्र दोनदा तपासलं आहे. (तीनदा.)

आमच्या तराजूच्या दुकानात माझं काय झालं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. नववीत शाळा सुटली, पण मालकांनी माझा हात पाहून मला सोनारांच्या काट्यावर बसवलं. चिमट्यानं मिलिग्रॅमची वजनं पारड्यात ठेवायची आणि श्वाससुद्धा मान वळवून सोडायचा, असं ते काम. या वर्षी तोच हात थरथरायला लागला. कुलूप लावलं का, गॅस बंद केला का, हे डोक्यात सुरू झालं की चिमटा पारड्याऐवजी हवेत फिरायचा. मालक म्हणाले, "काटा स्थिर झाला रे, तू कधी होणार?" आणि तीन महिन्यांची मुदत दिली. तोवर हात थांबला नाही तर सोनारांचा काटा दुसऱ्याकडे जाणार आणि मी गोदामांतले वजनकाटे पुसत फिरणार.

त्याच सुमारास तुम्ही आमच्याकडे आलात. कुलूप बघायला मी चार वेळा जिना चढलो ते पाहिलंत आणि म्हणालात, "डोक्यात भुंगा असेल तर हातात लोखंड घ्यावं." वर हेही म्हणालात, "पण कुठल्याही जिममध्ये जाऊ नकोस. मी सांगतो तिथंच जा. तिथलं लोखंड मला माहीत आहे." भाच्याची इतकी काळजी पाहून माझे डोळे भरून आले होते. (हे वाक्य लक्षात ठेवावं.)

तिथल्या ट्रेनरला सगळे बुलडोझर म्हणतात. त्याला मान नाही. डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं आहे. पहिल्या दिवशी मी बाकाचे स्क्रू तपासत होतो तर म्हणाला, "आधी बार उचल, पंचनामा नंतर कर." प्रत्येक प्रकार बारा वेळा करायचा असा नियम. मला नवव्यापाशी शंका येते की हा आठवा तर नव्हता? मग मी पुन्हा एकपासून सुरू करतो. त्यामुळे माझं बारा कधी एकवीसला संपतं, कधी तिसाला. बुलडोझर सगळ्यांना ओरडून सांगतो, "चिकाटी शिका याच्याकडून!" ज्या आजारावर उपचार घ्यायला गेलो, त्याच आजाराची तिथं शाबासकी मिळते.

पण खोटं का बोलू, गुण आला. सहाव्या आठवड्यात सलग झोप लागली. जिना फक्त एकदा चढायला लागलो. डोक्यावर लोखंड धरलेलं असताना गॅसची आठवण येत नाही. (ते पडलं तर कुठं पडेल, एवढाच विचार येतो, आणि एक विचार म्हणजे माझ्यासाठी सुट्टीच.) हातही थांबला. मालकांनी माझा चिमटा बराच वेळ पाहिला आणि "हं" म्हणाले. इतकं कौतुक त्यांनी स्वतःच्या मुलाचंही केलेलं नाही.

तिथं एक निवृत्त मुख्याध्यापिका येतात, हेडबाई. यजमान गेल्यावर दोन वर्षं त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. मुलीनं जवळजवळ ओढत आणलं. गेल्या महिन्यात त्यांनी वीस किलोच्या दोन लोखंडी प्लेटा लावून बार उचलला, खाली ठेवला आणि वर्गाला दरडावावं तसं म्हणाल्या, "चाळीस! आता मला कुणी घरात बसवून दाखवा!" बुलडोझरनं टॉवेलनं डोळे पुसले. घाम आहे म्हणाला. (तो तासभर खुर्चीवर बसलेला होता.)

मग जिमचा वजनकाटा बिघडला. बुलडोझर म्हणाला, "तुझाच धंदा आहे, बघ जरा." मी दुकानातली प्रमाण वजनं नेऊन काटा चोख लावून दिला. तिथंच थांबायला हवं होतं. पण हाताला सवय, शेजारची वीसची प्लेट काट्यावर ठेवली. सतरा किलो चारशे ग्रॅम. दुसरी ठेवली. सतरा चारशे. नऊ प्लेटा मोजल्या, नऊही तेवढ्याच. खोटेपणात एवढी शिस्त मी आमच्या धंद्यातही पाहिली नाही.

आता सांगू कुणाला? हेडबाईंना सांगितलं की तुमच्या प्लेटा चाळीस नव्हेत, चौतीस आठशे, तर त्या घरी जाऊन आतून कडी लावतील. भिंतीवर बुलडोझरचा फोटो आणि खाली "दोनशे किलो" असं रंगवलेलं आहे. खरा आकडा मनात आला तो मी लगेच पुसला. आणि न सांगावं, तर तराजूवाल्याच्या डोळ्यांदेखत माप मारलं जातंय. या विचारानं हात पुन्हा थरथरतो आहे. येत्या गुरुवारी मुदत संपते.

बाकी क्षेम. मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. : प्लेटेच्या पाठीमागे खूण आहे. त्रिकोण, आणि त्यात मामींच्या नावाचं पहिलं अक्षर. आमच्या मोरीवरच्या जाळीलाही हीच खूण आहे, जी तुम्ही मोठ्या मनानं आईला भेट दिलीत. जाळीचंही वजन केलं. आकडा विचारू नये.

दुसरा ता. क. : एक विनंती. सगळ्या प्लेटा एकदम बदलू नयेत, माणसं मोडतील. शिक्का वीसचाच ठेवून दर महिन्याला प्रत्येक प्लेट अर्धा किलो जड करून द्यावी. पाच महिन्यांत अडीच किलो होतील. उरलेले शंभर ग्रॅम सहाव्या महिन्यात. हेडबाई खऱ्या चाळीसवर पोचतील आणि त्यांना पत्ताही लागणार नाही. ताकद अशीच थोडी थोडी वाढवायची असते, असं बुलडोझर म्हणतो. पहिला हप्ता गुरुवारच्या आत यावा, म्हणजे माझा हात थांबेल. न आल्यास वजनमापे निरीक्षक आमच्या दुकानात दर शुक्रवारी चहाला येतात, एवढंच कळवतो.

तिसरा ता. क. : हे वाचून तुमच्या छातीत धडधडेल, झोप उडेल, दार वाजलं की दचकायला होईल. घाबरू नये. लोखंड उचलावं. एरवी बारा वेळा पुरतं. तुमच्या कारखान्यातलं असेल तर चौदा वेळा.